आपल्या तोंडचा न्याय

(शास्त्रपाठ : यशया ५:१–७, मत्तय १२:३३–३७)



न्यायाच्या दिवसाविषयी बोलताना प्रभू येशूने आपल्या शेतांची, गुरांची किंवा पैशांची गोष्ट काढली नाही. शब्दांच्या हिशेबाची काढली. झाडाची पारख फळावरून, तशी मनुष्याची पारख त्याच्या बोलण्यावरून, असे त्याने शिकविले. हे वचन आपण बहुधा एकेका मनुष्यास लावतो. अमुक खोटे बोलतो, तमुक शिव्या देतो, त्यांनी सावध असावे, एवढाच बोध घेऊन आपण घरी जातो. परंतु बोलणे एकट्याचे नसते. जे शब्द आपण वापरतो ते आजा-पणजापासून आपल्याकडे आले आहेत, आणि त्यांच्याबरोबर न्याय कशास म्हणावे व अन्याय कशास म्हणावे ह्याची त्यांची समजूतही आली आहे. तेव्हा एका मनुष्याच्या शब्दांचा हिशेब असेल तर साऱ्या गावाच्या, साऱ्या समाजाच्या शब्दांचाही हिशेब आहे. तो आज आपण मांडून पाहू.

यशया संदेष्ट्याने द्राक्षमळ्याचा दृष्टांत सांगितला. मालकाने उत्तम वेल लावले, दगडधोंडे काढले, बुरूज बांधला. पण फळ आले ते आंबट. ह्या दृष्टांताच्या शेवटी मूळ इब्री भाषेत एक मर्म आहे, ते आपल्या भाषांतरात नीटसे उतरत नाही. देवाने ज्याची वाट पाहिली त्यास इब्री शब्द ‘मिश्पात’, म्हणजे न्याय. त्यास आढळले ‘मिस्पाख’, म्हणजे रक्तपात. त्याने वाट पाहिली ‘सदाका’ची, म्हणजे नीतिमत्त्वाची, कानी आली ‘सआका’, म्हणजे गांजलेल्यांची आरोळी. दोन्ही जोड्यांतील शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. दुरून ऐकणाऱ्यास वाटावे की ह्या देशात न्यायच चालला आहे. जवळ जाऊन कान द्यावा तर तो विलाप असावा. न्यायासारखे ऐकू येणारे, परंतु न्याय नव्हे असे शब्द प्रत्येक भाषेत असतात, ही गोष्ट संदेष्ट्याने फार पूर्वी ओळखली होती. आपल्या मराठीत तसे शब्द कोणते, हे शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. महाडचे चवदार तळे आपल्या वाटेवरच आहे.

ह्या तळ्याची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. तरी तरुणांसाठी ती थोडक्यात सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ साली आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कोणी गेले नाही, कारण जाऊ दिले नसते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेस डॉ. भीमराव आंबेडकर व त्यांच्यामागून परिषदेचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मंडपात जेवत असलेल्या व घराकडे परतणाऱ्या लोकांवर काठ्या पडल्या, पुष्कळांची डोकी फुटली. मग तळ्याची शुद्धी झाली. तळ्यातून १०८ घागरी पाणी काढण्यात आले, त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही घालण्यात आले, आणि मंत्र म्हणून त्या घागरी पुन्हा तळ्यात ओतण्यात आल्या. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

बंधूंनो, येथे थांबून एक प्रश्न विचारा. त्या दिवशी महाडात दोन गोष्टी घडल्या. तहानलेल्या मनुष्यांनी पाणी घेतले, आणि निःशस्त्र मनुष्यांची डोकी फोडण्यात आली. शुद्धी कशाची झाली? पाण्याची. ज्या हातांनी काठी चालविली त्या हातांस शुद्धीची गरज आहे, असे कोणाच्या मनातही आले नाही. हे कसे झाले? त्या लोकांस पाप-पुण्य मुळीच कळत नव्हते असे नाही. त्यांच्या भाषेने त्यांस जे पाहण्यास शिकविले होते तेवढेच त्यांस दिसले. सोवळे, ओवळे, विटाळ, शिवाशिव, बाट, भ्रष्ट, प्रायश्चित्त: अशा शब्दांनी आपली जुनी बोली गच्च भरलेली होती. कोणत्या स्पर्शाने काय बिघडते ह्याचे बारीक बारीक भेद त्या बोलीस ठाऊक होते. परंतु तहानलेल्यास पाण्यापासून हाकलणे ह्या कृत्यास मात्र त्या बोलीत वेगळे नाव नव्हते. ज्यास नाव नाही तो अपराध गावकीत मांडता येत नाही, आणि जो मांडता येत नाही त्याचा निवाडा होत नाही. ‘विटाळ झाला काय?’ हा प्रश्न ज्या समाजात आधी विचारला जातो, तेथे ‘अन्याय झाला काय?’ ह्या प्रश्नाची पाळीच येत नाही.

दुसरा शब्द ‘वहिवाट’. हा शब्द मुळात वाईट नव्हे. गरिबाची शेतात जाण्याची पायवाट सावकाराने कुंपण घालून बंद केली, तर गरीब म्हणतो, ही माझी वहिवाट आहे. आणि ती वहिवाटच त्यास तारते. परंतु जो शब्द वाट उघडी ठेवण्यासाठी आहे तोच वाट बंद करण्यासाठीही वापरता येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही गृहस्थांनी न्यायालयात दावा लावला. तळे स्पृश्य हिंदूंचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्या महिन्यातील दुसऱ्या परिषदेस हजारो लोक जमले असताही डॉ. आंबेडकरांनी तो हुकूम मानून लोकांस तळ्यावर नेले नाही. तंटा खालच्या न्यायालयातून वर चढत मुंबईच्या हायकोर्टात गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया ह्यांनी वादींचे अपील फेटाळले. प्यालाभर पाण्याचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली.

निकाल योग्य लागला ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानतो. तथापि तो कोणत्या शब्दावर लागला हे ध्यानात घ्या. अस्पृश्य तेथे पाणी भरीत नसत ही गोष्ट कोर्टाने मानली. परंतु ही रीत अनादी काळापासून चालत आली आहे असे वादींस सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचा दावा टिकला नाही. म्हणजे तराजूत तोलली गेली ती रीतीचे वय. मनुष्याची तहान त्या तराजूत घातलीच नव्हती. समजा, वादींस जुने कागद सापडले असते आणि हा अन्याय पुरेसा जुना ठरला असता, तर मग काय तो न्याय झाला असता? अन्याय म्हातारा झाला म्हणजे त्याचे केस पांढरे होतात, आणि केस पांढरे झाले म्हणजे लोक त्यास वडील म्हणून नमस्कार करतात. ‘चालत आले आहे’ हे तीन अक्षरी-दोन अक्षरी शब्द आमच्या गावात किती वेळा निवाडा म्हणून उच्चारले जातात! त्यांत निवाडा काहीच नसतो. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हणच सभ्य वेष घालून तेथे बसलेली असते.

ह्याच महाड तालुक्यात रायगड आहे. तेथे १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि अष्टप्रधानांत निराजी रावजी हे न्यायाधीश होते. महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचण्यात आला व कारभारातील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. शब्दांनी राज्य घडते हे त्या राजाने जाणले होते. तरी न्यायाधीश हा शब्द गडावर स्थापन झाल्यावर अडीचशे वर्षांनी गडाखालच्या तळ्याकाठी मनुष्य पाण्यासाठी मार खातो, ह्यावरून आपण हे शिकावे की मोठा शब्द दरबारात असणे निराळे आणि पाणवठ्यावर असणे निराळे. न्याय ह्या शब्दाची खरी परीक्षा पाणवठ्यावर होते.

आता तिसरा शब्द पाहू, आणि हा आशेचा आहे. त्या परिषदेने आपल्या नावात ‘अस्पृश्य’ न म्हणता ‘बहिष्कृत’ म्हटले. ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी जे पत्र सुरू केले त्याचेही नाव ‘बहिष्कृत भारत’. ह्या दोन शब्दांत किती अंतर आहे! अस्पृश्य म्हणजे शिवण्यास अयोग्य. जणू दोष त्या मनुष्याच्या देहातच आहे, आणि कोणी काही केलेलेच नाही. बहिष्कृत म्हणजे बाहेर घातलेला. हा शब्द उच्चारताच प्रश्न उभा राहतो: कोणी घातला? का घातला? पहिला शब्द ऐकून मनुष्य फार तर कीव करील. दुसरा ऐकून त्यास उत्तर द्यावे लागेल. जेथे कर्ता लपला होता तेथे त्यास बाहेर आणून उभे केले, हे त्या शब्दाचे काम. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या उद्देशिकेत न्याय हा शब्द स्वातंत्र्य व समता ह्यांच्याही आधी येतो. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि पंधराव्या अनुच्छेदात विहिरी व तलाव ह्यांचा नावाने उल्लेख आहे. आता रीत किती जुनी हा प्रश्न उरला नाही. पाणवठा कायद्यात आला.

प्रियजनहो, इतके ऐकून आपल्यास वाटेल की ही इतरांची गोष्ट झाली. आम्हांसही तसेच वाटत असे. म्हणून आता मंडळीच्या घरात येऊ.

पहिले असे की, आपल्या शास्त्राच्या भाषांतरातच एक फट आहे. ती पूर्वीच्या भाषांतरकारांनी मुद्दाम पाडली असे नव्हे. भाषेनेच ती पाडली. नव्या करारात ‘दिकायोसुने’ हा जो ग्रीक शब्द येतो त्यात न्याय व सदाचार दोन्ही एकत्र नांदतात. मराठीत आपण न्याय कचेरीस दिला आणि नीतिमत्त्व घरास दिले. डोंगरावरील प्रवचनात प्रभू ज्याची भूक व तहान लागलेल्यांस धन्य म्हणतो तेथे आपण नीतिमत्त्व वाचतो, आणि मनात म्हणतो: आम्ही दारू पीत नाही, खोटी साक्ष देत नाही, दर रविवारी उपासनेस येतो; झाले. त्या शब्दात विहिरीवरची पाळीही आहे, मजुराची मजुरीही आहे, हे आपल्या कानास ऐकू येत नाही. प्रभूने तहान हा शब्द उगीच योजिला नाही.

दुसरी गोष्ट सांगण्यास आम्हांस लाज वाटते, तरी सांगतो. पोलादपूरच्या बाजूस एका लहान मंडळीच्या आवारात विहीर आहे. तिकडे पावसाळ्यात सावित्री दुथडी भरून वाहते, आणि वैशाखात हंड्यासाठी कोस कोस चालावे लागते, हे आपण जाणताच. काही वर्षांपूर्वी जवळच्या वीटभट्टीवर कामास आलेली कातकरी कुटुंबे ह्या विहिरीवर येऊ लागली. पंचांत कुरकुर सुरू झाली. आम्ही सभा घेतली, पुष्कळ समजावून सांगितले, आणि शेवटी आमच्याच हाताने वहीत ठराव लिहिला. कातकरी लोकांस, दया म्हणून, मंडळीच्या लोकांचे पाणी भरून झाल्यावर, पाणी घेण्यास परवानगी देण्यात येत आहे, असा त्याचा मजकूर होता. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो. आपण ख्रिस्ती प्रीतीचे काम केले असे आम्हांस वाटले.

चार-पाच दिवसांनी सकाळी आम्ही तेथे गेलो. विहिरीवर कोणी नव्हते. एक म्हातारी कातकरी बाई रिकामा हंडा घेऊन बाजूस उन्हात बसली होती. आम्ही म्हणालो, “विहीर मोकळी आहे, तू भरत का नाहीस?” ती उठून उभी राहिली व म्हणाली, “बाबा, तुमची माणसं अजून यायची हायत. त्यांचं झाल्याबिगर आम्ही कसं भरावं?”

ती आमच्या ठरावाचे अक्षरशः पालन करीत होती. पाणी होते, पोहरा होता, मनाई करण्यास कोणीही नव्हते. आड आला होता तो आमचा शब्द. दया, परवानगी, झाल्यावर: ह्या तीन शब्दांनी आम्ही त्या विहिरीभोवती भिंत बांधली होती, आणि भिंतीवर प्रीती असे लिहिले होते. घरी येताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या आईच्या वयाच्या त्या बाईस आम्ही ‘तू’ म्हटले होते. देवास आपण तू म्हणतो ते जवळीक म्हणून; तिला म्हटले ते जवळीक म्हणून नव्हे. आमच्याच पूर्वजांस वाड्यापुढे उभे राहून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे, आणि उत्तरादाखल अरे-तुरे ऐकावे लागे. ख्रिस्ती झाल्यावर आम्हांस ‘बाटगे’ म्हणून हिणविले. शब्द कसा लागतो हे ज्यांस ठाऊक, त्यांनीच तो पुढच्याच्या अंगावर टाकावा काय?

आम्ही पुन्हा सभा बोलाविली, आपली चूक कबूल केली आणि जुना ठराव खोडला. नवा ठराव एवढाच: विहिरीवर जो येईल त्याने आपल्या पाळीने पाणी भरावे. दोन पंचांनी सही केली नाही. एक कुटुंब काही महिने उपासनेस आले नाही. ह्या गोष्टी आम्ही लपवीत नाही, कारण न्यायाचा शब्द लिहिण्यास किंमत पडते. आणि हेही लपवीत नाही की, सभा होईपर्यंत पावसाचे दिवस जवळ आले, भट्टी बंद झाली व ती माणसे निघून गेली. दुसऱ्या वर्षी भट्टीवर आलेले लोक पाळीने पाणी भरू लागले; पण ती म्हातारी त्यांत नव्हती. नवा ठराव तिला ऐकविता आला नाही. तिच्या कानी आमचा जुनाच शब्द राहिला. बोललेला शब्द परत घेता येत नाही, ह्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला.

शोमरोनी स्त्रीची कथा आपण वाचता तेव्हा हे पाहा. याकोबाच्या विहिरीवर प्रभूने तिला परवानगी दिली नाही, तिच्यावर मेहरबानीही केली नाही. त्याने तिच्यापाशी पाणी मागितले. ज्याने जिवंत पाणी द्यावयाचे तोच आधी मागणारा झाला. जिच्याशी व्यवहार ठेवू नये अशी वहिवाट होती तिच्याशी तो सरळ बोलला, आणि त्या एका बोलण्याने वहिवाट मोडली.

तर प्रियजनहो, ह्या आठवड्यात आपल्या तोंडचा न्याय तपासा. शेतावर येणाऱ्या मजुरास आपण कोणत्या नावाने हाक मारतो? त्याची मजुरी ‘देऊन टाकतो’ की ती त्याची म्हणून त्याच्या हाती ठेवतो? ज्यावर दुसऱ्याचा हक्क आहे त्यास आपण उपकार म्हणतो काय? पंचांत बसल्यावर ‘काय चालत आले आहे’ हे विचारण्याआधी ‘रास्त काय आहे’ हे आपण विचारतो काय? ‘त्यांना कोणी हाकलले नाही, ते आपणच येत नाहीत’ असे जेथे बोलले जाते तेथे जाऊन, कोणी हंडा घेऊन उन्हात बसले आहे काय, ते पाहतो काय? मंडळीच्या वह्या उघडा, आपले जुने ठराव मोठ्याने वाचा, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले आहेत तो समोर उभा आहे असे समजून वाचा. जो शब्द त्याच्यादेखत वाचवत नाही तो खोडा. आणि खोडण्यास उशीर करू नका. भट्टी बंद होण्याच्या आत खोडा.

न्याय प्रवाहासारखा वाहावा अशी इच्छा आमोस संदेष्ट्याच्या मुखाने देवाने प्रगट केली. प्रवाह उंचावरून सखलाकडे जातो, आणि वाटेत कोणाची पाळी कितवी हे विचारीत नाही. आपल्या जिभेवरून तो प्रवाह वाहू लागावा, आणि देवाने आपल्या द्राक्षमळ्यात कान देऊन ऐकले असता त्यास आरोळी ऐकू येऊ नये, अशी कृपा तो आपणां सर्वांवर करो. आमेन.